पोहे, आजी आणि फरशी

सिव्हिलला अ‍ॅडमिशन घेतली की नातेवाइकांच्या दृष्टीने आपण त्याच दिवशी इंजिनिअर होतो. मग कुणी गच्चीची गळती विचारतं, कुणी घराचा प्लॅन काढून मागतं, तोही फुकट! पण ‘काका, पालीच्या घरात फरशी कुठली घालू?’ असं विचारणारी माझी पुतणी बहुधा एकटीच.

ही पुतणी न्यू जर्सीत राहते. वय वर्षं दहा. तिने चक्क पाल पाळली आहे. आपल्याकडे पाल अंगावर पडली की लोक अंघोळीला पळतात, आणि ही बया तिला तळहातावर घेऊन बसते! जात लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, थेट मोहरीची फोडणी दिल्यासारखे. म्हणून नाव ठेवलंय ‘पोहे’.

पोह्यांच्या काचेच्या पेटीत तिला हरिहरेश्वरची वाळू हवी होती. आमचं गाव हरिहरेश्वर, तालुका श्रीवर्धन. मे महिन्यात ती येऊन किनाऱ्यावर मनसोक्त लोळून गेली होती. पेटीत खाली वाळू, वर दोन शिंपले, मागे समुद्राचं चित्र... कल्पना छानच होती. पण माझ्या मनात पाल चुकचुकली (हा विनोद माफ करा), आणि सबमिशन बाजूला ठेवून मी वाचायला बसलो.

पहिला मुद्दा पोटाचा. लेपर्ड गेको किड्यावर झडप घालते तेव्हा तोंडात वाळूही जाते. पिल्लू असेल, किंवा खाण्यात कॅल्शियम कमी पडत असेल, तर ती वाळू आतड्यात साचून पोट तुंबू शकतं. प्राणी दगावूही शकतो. त्यात किनाऱ्याची वाळू म्हणजे मीठ आणि शिंपल्यांच्या कपच्या. आणि मुळात ही पाल वाळवंटातल्या भुसभुशीत वाळूची नव्हेच. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या दगडगोट्यांच्या, घट्ट मातीच्या कोरड्या मुलखातली ती. ‘पाल म्हणजे वाळवंट’ हे आपलं कॅलेंडरवरचं ज्ञान!

दुसरा मुद्दा पकडीचा. आपल्या घरातली पाल ट्यूबलाइटमागे उलटी लटकते, कारण तिच्या बोटांखाली लाखो सूक्ष्म केस असतात. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा एका केसाची ओढ मोजली आणि २००२ साली ती व्हॅन डर वाल्स बलामुळे असल्याचं दाखवलं. (फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत हे बल आपण फक्त मार्कांपुरतं पाठ केलं होतं.) लेपर्ड गेकोला मात्र हे केस नाहीत. नुसती नखं. काच तिला चढता येत नाही, आणि गुळगुळीत चकचकीत टाइलवर तिचे पाय सरकतात.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. हिला खालून पोटाला ऊब लागते. पेटीखाली हीटिंग मॅट लावतात. वाळूचा जाड थर ती उष्णता अडवतो. पातळ फरशी मात्र ती वर पोचवते.

झालं, डिझाइन तयार! खडबडीत, बिनग्लेझची सिरॅमिक किंवा स्लेटची फरशी मापात कापायची, आणि किड्यांना लपायला फट राहू नये म्हणून कडेला नीट बसवायची. मॅटला थर्मोस्टॅट हवाच. उबेच्या टोकाला फरशी साधारण ३२ अंश सेल्सिअस, दुसरं टोक थंड. कात टाकण्यासाठी ओलसर शेवाळाची एक डबी. पोहे एकाच कोपऱ्यात शी करतात, तिथे टिश्यू पेपर. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातली तेलं बाधतात. कापडी गालिचाही नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पाल मोठी आणि निरोगी असेल तर माती-वाळूचं घट्ट दाबलेलं मिश्रण चालतं, असं पाळणारे अनुभवी लोक सांगतात. पण सुरुवात फरशीनेच करावी.

‘पण काका, हे हरिहरेश्वरसारखं दिसत नाही!’ पुतणीची तक्रार.

मी म्हटलं, अगं, हेच तर हरिहरेश्वर! देवळामागची प्रदक्षिणेची वाट आठव. लाटांनी कोरून मधमाशांच्या पोळ्यासारखा झालेला काळा खडक. गावची माणसं त्या खडबडीत खडकावर बिनधास्त पाय टाकतात आणि हिरव्या शेवाळाला वळसा घालतात. (भरतीच्या वेळी मात्र त्या वाटेला जायचंच नाही.) घर्षणाचा गुणांक त्यांना कुणी शिकवला नव्हता. काळी स्लेट तिला पटली.

हे सगळं समजावताना डोक्यात आजी होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं आणि घराचं छप्पर गेलं. दुरुस्ती काढली तेव्हा जुना लाल कोबाही उखडला आणि पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्स आल्या. येणारा-जाणारा म्हणायचा, ‘वा, घर कसं उजळलं!’ आजी मात्र दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. तेव्हापासून ती भिंत धरून चालायची, आणि हळूहळू पडवीत येणंच बंद झालं. आम्हाला वाटलं, वय झालं. पालीचे पाय वाचता वाचता लक्षात आलं की वय होतंच, पण फरशीही होती.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांशी बोललो. ते म्हणाले, ‘एवढा खर्च करून आता परत उखडायचं?’ सगळं नको म्हटलं. आजीची खोली, न्हाणीची वाट आणि पडवी, एवढंच. तिथे खडबडीत शहाबादी बसली. दिसायला मळकट. पाहुणे आता काही बोलत नाहीत. आजी मात्र संध्याकाळी पुन्हा पडवीत बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते.

जाता जाता एक. आपल्या कोकणातही जमिनीवरच राहणारी एक पाल आहे, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावावरून तिची शास्त्रीय नोंद केली. ती सड्यावरच्या सुट्या जांभ्या दगडांखाली राहते. आपण ‘ओसाड’ म्हणून त्या सड्यावर आंब्याची कलमं लावतो, चिऱ्याच्या खाणी काढतो. तिची फरशी आपण रोज उखडतो आहोत, आणि तिला विचारायला काका नाही. सड्यावर दगड उलटलात तर तो होता तसा परत ठेवा, आणि तिला घरी आणू नका.

आणि मित्रांनो, उद्या साइटवर टाइलचं सँपल पसंत करायची वेळ आली तर आधी त्यावर तांब्याभर पाणी ओता, चपला काढा आणि चालून बघा. रंगाचं नंतर बघू!