निळी भिंगरी

अमेरिकेतील मार्ग क्रमांक ६६ ला २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत असताना त्याच्या काठावरील निऑन फलकांची जागा एलईडी पट्ट्या घेत आहेत. म्हणून न्यू मेक्सिको राज्यातील टुकुमकारी गावच्या ‘ब्लू स्वॅलो’ मोटेलच्या फलकावरील निळी भिंगरी, म्हणजे स्वॅलो पक्षी, अजून रात्री उजळते, ही क्षुल्लक बाब मानता येत नाही. मोटेल म्हणजे मोटारीने येणाऱ्या प्रवाशांसाठी रस्त्यालगत बांधलेले, खोलीच्या दाराशीच गाडी उभी करू देणारे मुक्कामाचे ठिकाण. १९३९ मध्ये बांधायला घेतलेल्या या मोटेलात तर खोलीला लागूनच गाडीसाठी बंदिस्त गाळे आहेत.

फलकावर ‘शंभर टक्के रेफ्रिजरेटेड एअर’ असे आश्वासन आहे. पाणी झिरपणाऱ्या गवताच्या जाळीतून वारा ओढणारा कूलर कोरड्या वैशाखात तारतो, पण हवा दमट होताच हतबल होतो, हे विदर्भातील वाचकास ठाऊक असल्याने कॉम्प्रेसरच्या गारव्याची ही ग्वाही वाळवंटातून आलेल्या माणसाला काय वाटत असेल, हे त्यास वेगळे सांगावे लागत नाही.

फ्रेंच अभियंते जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे मांडले, मात्र शुद्ध निऑन वायू नारिंगी-तांबडाच उजळतो आणि या भिंगरीसारख्या निळ्या छटेसाठी नळीत सहसा आर्गॉन व किंचित पारा भरावा लागतो.

तरीही या वास्तूचा खरा इतिहास नळ्यांपेक्षा लिलियन रेडमन यांच्यापाशी आहे. फ्लॉइड रेडमन यांनी १९५८ मध्ये हे मोटेल त्यांना वाङ्‌निश्चयाची भेट म्हणून दिले. ज्याच्यापाशी भाड्याचे पैसे नसत, त्याच्याकडून त्या एखादी वस्तू ठेवून घेत किंवा काहीच न घेता खोली देत. आंतरराज्य महामार्ग ४० गावाला वळसा घालून गेला, १९८५ मध्ये मार्ग ६६ अधिकृत यादीतून वगळला गेला, पण १९९८ पर्यंत त्यांनी हे मोटेल सोडले नाही. भाड्याऐवजी घेतलेल्या त्या वस्तूंची नोंदवही कोणी ठेवली असती, तर ती या फलकाइतकीच जपण्याजोगी ठरली असती.

अशा औदार्याचे मोल तेव्हाच्या इतर दारांकडे पाहिल्यावर कळते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे थारा मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका १९३६ पासून निघत होती, आणि अटलांटातील एका मोटेलच्या मालकाने त्यांना खोल्या नाकारण्याचा हक्क मागितला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या डिसेंबरात फेटाळला. ‘खोली रिकामी आहे’ हे झळझळीत शब्द तोवर सर्वांसाठी नव्हते, ही जाणीव जुन्या फलकांविषयीच्या हळव्या लेखनात बहुधा गाळली जाते, आणि हे गाळणे अक्षम्य आहे.

पुढे भारतीय, त्यातही गुजराती कुटुंबे या धंद्यात मोठ्या संख्येने उतरली, तेव्हा काही स्पर्धकांनी आपल्या दारावर ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या लावल्या, म्हणजे ज्या साधनाने वाटसरूला बोलवायचे त्याच साधनाने शेजाऱ्याला परका ठरवले. याच मार्ग ६६ वर, कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे, मूळ रहिवाशांच्या तंबूंच्या आकाराच्या काँक्रीटच्या खोल्या असलेले ‘विगवॅम मोटेल’ पडझडीला आले होते. ते २००३ मध्ये विकत घेऊन नीट उभे केले, ते एका गुजराती कुटुंबाने.