फ्रँको हसला होता की नव्हता

आमच्या घरात एक वाद गेली साठेक वर्षं चालू आहे. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून. वादाचा विषय असा, की मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या गेटबाहेर एका संध्याकाळी फॉर्च्युनाटो फ्रँको आमच्या पप्पांकडे बघून हसला होता की नव्हता.

पप्पा म्हणतात, हसला. गासचे काका म्हणतात, त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. आणि सांडोरचे काका म्हणायचे, "अरे, तो फ्रँको नव्हताच मुळी! भलताच कोणीतरी होता."

तिघेही शाळेपासूनचे मित्र. वसईतल्या सगळ्या पोरांसारखे हेही भात कापून झाल्यावर मोकळ्या शेतात फुटबॉल खेळायचे. अनवाणी. खाली भाताचे धसकट. पप्पांच्या पोटरीवर त्याची एक खूण अजून आहे, ती ते नातवंडांना युद्धातली जखम असल्यासारखी दाखवतात. मॅट्रिक झाल्यावर तिघेही मुंबईला नोकरीला लागले. तेव्हा आपल्या स्टेशनच्या पाटीवर 'बसीन रोड' लिहिलेलं असायचं आणि विरारच्या गाड्या मोजक्याच होत्या. एक चुकली की पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. पण चर्चगेटला उतरलं की कूपरेज चालत जाण्यासारखं! कामावरून सुटायचं, मॅच बघायची, धावत गाडी पकडायची आणि घरी उशीर का झाला याचं उत्तर बोरिवलीपासून वसईपर्यंत तिघांनी मिळून तयार करायचं. असा त्यांचा कार्यक्रम.

मुंबईचा फुटबॉल तेव्हा भर पावसात चालायचा. हारवूड लीगच्या मॅचेस म्हणजे निम्मा खेळ आणि निम्मा चिखल. हे तिघे एका छत्रीत. वाडीतली राजेळी केळी पिशवीत. (पप्पांच्या गोष्टीत ही केळी नेहमी असतात. मॅचचा स्कोअर एखाद वेळी बदलतो, केळी बदलत नाहीत.)

आणि या सगळ्यात यांचा माणूस होता फ्रँको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फॉर्च्युनाटो फ्रँको मूळचा गोव्यातल्या कोलवाळचा, वाढला मुंबईत. आधी वेस्टर्न रेल्वेकडून खेळला, मग 1959 पासून 1966 पर्यंत टाटांच्या संघातून. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात होता, पण तिथे त्याला मैदानात उतरायला मिळालं नाही. गंमत बघा, त्या वर्षी त्याचा गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि हा भारताच्या संघात! दोन वर्षांनी जकार्ताचे एशियाड आले. 4 सप्टेंबर 1962 ला फायनल, समोर दक्षिण कोरिया. याच कोरियानं पहिल्याच सामन्यात आपल्याला 2-0 नं हरवलेलं. त्यात इस्रायल आणि तैवानला खेळू न देण्यावरून राजकारण पेटलेलं, आणि भारताच्या जी. डी. सोंधींनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केल्यामुळे लाखाच्या आसपास प्रेक्षक आपल्या विरोधात ओरडत होते. आपण 2-1 नं जिंकलो. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. जर्नेलसिंग म्हणजे खरा बचावपटू. डोक्याला आधीच्या एका सामन्यात टाके पडलेले, तरी प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं. आणि त्याच्या त्या गोलासाठी फ्री किक घेतली होती फ्रँकोनं.

त्यानंतर एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेलं नाही.

आता पी. के., चुनी गोस्वामी आणि तुळशीदास बलराम ही नावं जुन्या लोकांच्या तरी ओठांवर असतात. ते पुढे खेळणारे, गोल करणारे. फ्रँको आणि राम बहादूर हे दोघं मधल्या फळीतले. समोरच्याकडून बॉल काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाला नेमका द्यायचा, हे त्यांचं काम. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल करणाऱ्याचं नाव येतं, बॉल देणाऱ्याचं येतंच असं नाही. मी एकदा पप्पांना विचारलंही होतं, "इतके मोठे मोठे खेळाडू सोडून तुम्हाला हाच कसा आवडला?"

"ते कलकत्त्याचे, हैदराबादचे. रोव्हर्स कपला यायचे, खेळायचे, जायचे," पप्पा म्हणाले. "हा आमचा होता. आठवड्याला दिसायचा. आपल्यासारखंच पोर्तुगीज आडनाव, आपल्यासारखाच नोकरी करून खेळणारा. जकार्ताला जाऊन सोनं घेऊन आला आणि परत इथे चिखलात खेळायला उतरला."

तर तो गेटबाहेरचा प्रसंग. जकार्तानंतर केव्हातरीचा. तिघांनी ठरवलं, आज त्याच्याशी बोलायचंच. मॅच संपल्यावर गेटबाहेर उभे राहिले. एक गाडी सोडली, दुसरी सोडली. शेवटी तो आला, यांच्या दोन हातांवरून गेला आणि तिघांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. बस, एवढीच गोष्ट! हसला होता की नव्हता, हा वाद त्यातूनच निघाला. तो सुटणार कसा? फोटो नाही, साक्षीदार तिघेच, आणि तिघांचे तीन जबाब.

खरं सांगायचं तर ही गोष्ट ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता. पप्पांनी "कूपरेजला एकदा..." असं सुरू केलं की मी "हो पप्पा, हसला होता," म्हणून उठून जायचे. लिहितानाही लाज वाटतेय, पण जायचे खरी.

2021 चा मे महिना आठवतोय ना? आपल्याकडे कोणालाच विसरता येण्यासारखा नाही. पप्पा तेव्हा शहात्तर वर्षांचे. कोविड झाला, नशिबानं घरीच निभावत होतं. मागच्या खोलीत ते एकटे, दाराबाहेर स्टुलावर पेजेची वाटी ठेवायची आणि लांब व्हायचं. दिवसातून चारदा ऑक्सिमीटर. 93 आला की आमच्या पोटात गोळा, 95 आला की जीव भांड्यात. गावात रोज कोणीतरी जात होतं. अंत्यविधीला वीसच माणसं. चर्चची घंटा वाजली की मम्मी मागच्या खोलीची खिडकी लावून घ्यायची, पप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून.

10 मे ला सोमवार होता. संध्याकाळी मोबाईलवर बातमी दिसली. फॉर्च्युनाटो फ्रँको यांचं गोव्यात निधन, वय 84.

मी मोबाईल पालथा ठेवला. आदल्याच वर्षी, 20 मार्चला पी. के. गेले होते आणि 30 एप्रिलला चुनी गोस्वामी. तेव्हा पप्पा दोन दोन दिवस गप्प होते, आणि तेव्हा तर ते ठणठणीत होते. आता हे कसं सांगायचं? मी आणि मम्मीनं ठरवलं, सांगायचं नाही. पप्पांचा मोबाईल "चार्जिंगला लावते" म्हणून बाहेर आणला. पेपर असाही आम्ही बंदच केला होता. गासच्या काकांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी "झोपलेत" म्हणून सांगितलं. पाच दिवस मी दाराबाहेरून "सगळं ठीक आहे पप्पा," म्हणत राहिले.

सहाव्या दिवशी ताप गेलेला, ऑक्सिजन 96. मी खुशीत त्यांचा मोबाईल परत दिला. दहा मिनिटांत आतून हाक आली.

"फ्रँको गेला, तुला माहीत होतं?"

खोटं बोलणं जमलं नाही. "हो," म्हटलं.

"कधी?"

"सोमवारी."

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रडतायत. पण नंतर जे बोलले ते फार शांतपणे बोलले. "सोमवारी त्याला पुरलं असेल नाहीतर मंगळवारी. मी इथे पडल्या पडल्या निदान एक रोझरी म्हटली असती. तीच वेळ होती. ती तू माझ्याकडून काढून घेतलीस."

मी म्हटलं, "तुमच्या तब्येतीसाठीच ना..."

"माझी तब्येत माझ्याकडे," पप्पा म्हणाले. "पण माझी माणसं कोण आणि त्यांच्यासाठी मी कधी रडायचं, हे तू नाही ठरवायचंस."

त्या रात्री स्टुलावरची पेज तशीच राहिली.

मला आधी रागच आला. इथे आम्ही डोळ्यांत तेल घालून यांना जपतोय आणि हे कोणा फुटबॉलपटूसाठी रुसून बसलेत, ज्याच्याशी उभ्या आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत! पण रात्री झोप लागेना. आणि मग लक्षात आलं, की त्या आठवड्यात गावात जे जे गेले, त्यांच्या घरच्यांचीही तीच तक्रार होती. शेवटचं बघता आलं नाही, जाता आलं नाही, वेळेवर कळलंच नाही. ते सगळं त्या रोगानं केलं होतं. आमच्या घरात मात्र ते मी केलं होतं.

सकाळी गासच्या काकांना फोन लावला, माफी मागितली. मग सांडोरच्या काकांना. दोघांनाही म्हटलं, संध्याकाळी पाच वाजता तयार राहा, मी तिघांचा एकत्र फोन जोडून देते. पप्पांच्या दाराबाहेर उभं राहून त्यांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण पाचला पाच कमी असताना आतून खोकल्याचा आवाज आला, "लागला का गं फोन?"

तो फोन सव्वा तास चालला. मी दाराबाहेर जमिनीवर बसून ऐकत होते. सुरुवातीला गासच्या काकांनी प्रार्थना सांगितली. (सगळं बोलणं अर्थातच आमच्या बोलीत, इथे तुम्हाला कळावं म्हणून असं लिहितेय.) आणि मग जे सुरू झालं! 1964 मध्ये महाराष्ट्रानं संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघात तो होता, त्याची उजळणी झाली. कुठल्या मॅचला पाऊस होता, कुठल्या मॅचला गाडी चुकून दादरच्या फलाटावर रात्र काढली, छत्री कोणाची होती आणि ती कोणी हरवली. फ्रँकोचा खेळ थोडा, यांचंच पुराण जास्त! मध्ये एकदा सांडोरचे काका म्हणाले, "अरे, तो बॉल द्यायचा ना, तेव्हा घेणाऱ्याला पाऊल मोडावं लागायचं नाही. चालत्या पायात यायचा." यावर तिघेही एकदम गप्प. मग पप्पा म्हणाले, "हो. चालत्या पायात."

एवढ्या वर्षांत तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ते फार टिकलं नाही. शेवटी गेटचा विषय निघालाच. हसला, नाही हसला, तो नव्हताच. पप्पांना बोलता बोलता धाप लागली तरी थांबेनात. शेवटी मीच ओरडले, "पुरे आता, ऑक्सिजन लावा!" 97 होता.

पप्पा बरे झाले. सांडोरचे काका त्यातून सुटले, पण पुढच्या पावसाळ्यात हृदयविकारानं गेले. रात्री दोनला फोन आला. मम्मी म्हणाली, सकाळी सांगू. मी सरळ पप्पांना उठवलं. ते कपडे करून रिक्षा मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. 16 फेब्रुवारी 2023 ला बलराम गेले, तेव्हाही मी आधी त्यांच्या खोलीत गेले, नंतर चहा ठेवला. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि गासला फोन लावला.

2024 च्या एप्रिलमध्ये रहीमसाहेबांवरचा 'मैदान' आला. पप्पा आणि गासचे काका, दोघांना घेऊन गेले. दोघांचं मिळून वय दीडशेच्या वर, त्यामुळे मध्यंतरात समोसे कमी आणि गोळ्या जास्त. पडद्यावर फ्रँकोचं नाव घेतलं गेलं, तेव्हा पप्पांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. गासच्या काकांनी त्यांचा हात धरून खाली घेतला, आणि मग तो तसाच धरून ठेवला, शेवटपर्यंत.

परत येताना रिक्षात बराच वेळ कोणी बोललं नाही. अंबाडी रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा गासचे काका म्हणाले, "या पिक्चरवाल्यांनी थोडंच बघितलंय त्याला? आपण बघितलंय."

"आणि त्यानं आपल्याला," पप्पा म्हणाले.

"नाही बघितलं."

"बघितलं! आणि हसला."

मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला कशीबशी बसले होते. या वेळी मी "हो पप्पा, हसला होता," असं म्हटलं नाही. नुसती ऐकत राहिले. आता एकास एक झालंय, त्यामुळे वाद इतक्यात मिटायची काही चिन्हं नाहीत.