राजपुरीच्या होडीतला प्रश्न

गेल्या हिवाळ्यात लेकीला घेऊन आजोळी गेलो होतो. आजोळ म्हणजे राजपुरी. मुरूडच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी वसलेलं कोळ्यांचं आणि मुसलमानांचं लहानसं गाव. नाव ओळखीचं वाटत नसेल तर जंजिरा पाहायला गेला होतात तेव्हाचं आठवून पाहा. जिथे गाडी लावली आणि शिडाच्या होडीत बसलात, तेच हे गाव. बहुतेकांच्या लक्षात तिकिटाची रांग आणि शहाळी एवढीच राजपुरी राहते.

माझ्या लेकीने किल्ला आतून पाहिला नव्हता. ती नुकतीच पाचवीत गेली आहे, म्हणजे चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक अजून तोंडपाठ. होडीत पंचवीस-तीस माणसं होती. किनारा सुटल्यावर होडीवाल्या पोराने नेहमीची कहाणी सुरू केली. इंग्रज आले, पोर्तुगीज आले, मराठे आले, पण हा किल्ला कुणालाही जिंकता आला नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात गावाचा अभिमान असतो, धंद्याचा भाग असतो आणि दिवसातून आठ वेळा तेच बोलल्याचा कंटाळाही असतो. तेवढ्यात मागच्या बाजूने कुणीतरी महाराजांचा जयघोष केला. सगळ्या होडीने साथ दिली. माझ्या लेकीने तर सगळ्यांत मोठ्याने.

पुढे बसलेल्या एक बाई मागे वळल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या तिच्या आईच्या ओढणीकडे, मग पुन्हा लेकीकडे. नजर वाईट नव्हती. कौतुकच होतं, पण आश्चर्य मिसळलेलं. मुंबईत लोक मला “तुमचं मराठी किती छान आहे हो” म्हणतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असतं तसं.

लेक गप्प झाली. किल्ल्याचा दरवाजा अगदी समोर आला तेव्हा तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, “अब्बू, आपण कुणाच्या बाजूचे? महाराजांच्या की या किल्ल्याच्या?”

होडी दरवाजाशी लागत होती, लाटेचा अंदाज घेऊन पायरीवर उडी मारायची होती. त्या गडबडीत मी सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. लहानपणी तो मलाही पडला होता आणि मी तो कुणाला विचारला नव्हता.

एक उत्तर सोपं होतं. सिद्दी हे आमचे पूर्वज नव्हेत. ते आले आफ्रिकेतून, हबशांच्या मुलखातून. म्हणून जुन्या मराठीत या भागाला हबसाण म्हणत. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्या मुळाशी अरबी व्यापारी आणि खलाशी आहेत, इथल्या बायका आहेत, इथलीच धर्म बदललेली माणसं आहेत. नमाज आम्ही शाफई पद्धतीने पढतो, जेवणात तांदळाची भाकरी आणि मासे, घरात बोलतो ती कोकणी वळणाची मराठी. त्यामुळे ‘आपला काही संबंध नाही’ असं सांगता आलं असतं. उत्तर सोयीचं होतं, म्हणूनच द्यावंसं वाटलं नाही. दर शाळेत, दर नोकरीत असं हात झटकून दाखवण्यात माझी अर्धी उमर गेली आहे. लेकीला तो धंदा शिकवायचा नाही.

शिवाय संबंध नाही कसा? नानीच्या घरातून किल्ला दिसतो. राजपुरीजवळच्या खोकरीला सिद्द्यांच्या थडग्यांवरचे घुमट आहेत, तिथे आम्ही लपाछपी खेळलो. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झालं, तोवर गावची माणसं नवाबाचीच रयत होती.

आणि सिद्दी काही संत नव्हते. त्यांनी किनारपट्टी लुटली, गावं जाळली, माणसं धरून नेऊन विकली. गंमत अशी, खरं तर गंमत नव्हेच, की त्यांचे स्वतःचे पूर्वजही बरेचसे गुलाम म्हणूनच या देशात आले होते. मलिक अंबर तसाच विकत विकत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. श्रीवर्धनच्या भटांना सिद्दीच्या जाचामुळेच गाव सोडावं लागलं. त्याच घरातले बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. बाळाजी आवजी चिटणीसांच्या वडिलांना सिद्दीने मारलं, आणि पोरका झालेला तो मुलगा महाराजांकडे पोहोचला. हे सगळं लेकीला कळायला हवं. मुसलमानाच्या घरात ते दबक्या आवाजात सांगायचं काही कारण नाही.

पण बाजू कोणाच्या होत्या ते नीट पाहावं. बेटावर पहिला मेढेकोट बांधला तो कोळ्यांनी, त्यांच्या राम पाटलाने. पुढे पिरमखान नावाच्या सरदाराने व्यापाऱ्याचं सोंग घेऊन, दारूची पिंपं पाठवून तो घेतला असं सांगतात. दगडी किल्ला त्यानंतरचा. महाराजांनी या किल्ल्यासाठी आरमार उभं केलं तेव्हा त्यावरच्या अंमलदारांत मायनाक भंडारी होता, तसे दर्यासारंग आणि दौलतखानही होते. जंजिऱ्याच्या तटाला रात्रीच्या अंधारात शिड्या लावणारा लाय पाटील कोळी. त्याला महाराजांनी पालखीचा मान देऊ केला, पण दर्यावर्दी माणसाला पालखी काय कामाची म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. मग त्याला गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव घालून वाट काढायचा प्रयत्न केला. इतका अचाट बेत या किनाऱ्याने पुन्हा पाहिला नाही. मोगल कोकणात उतरले आणि काम अर्धवट सोडावं लागलं.

हे सगळं किल्ल्यातल्या पाऊण तासात सांगायला जमलं नाही. तिथे कलालबांगडी तोफेपाशी फोटोसाठी रांग होती.

संध्याकाळी मुरूडच्या पुळणीवर गेलो. राजपुरीचा किनारा कामाचा: जाळी, इंजिनाचं तेल, सुकत घातलेला जवळा. पाय मोकळे करायला माणसं मुरूडलाच येतात. ओहोटी लागली होती. ओल्या घट्ट वाळूवर पोरांचं क्रिकेट चाललं होतं, घोडागाडीवाला गिऱ्हाईक शोधत होता, भेळेच्या गाड्यांवर दिवे लागत होते. समोर पाण्यात पद्मदुर्ग, महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. त्याच्याकडे बघत भेळ खाणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो कुणाचा ते माहीत नसतं.

या पुळणीवर मी नानीबरोबर यायचो. नानी शाळेत गेली नव्हती, पण भरतीची वेळ तिला तोंडी यायची. कोळ्यांचा हिशेब तिथीवर चालतो: तिथीला पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुनवेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्या कोळणीने नानीला तो शिकवला असणार. पण नानीकडे पंचांग नव्हतं, तिच्याकडे होती चांदाची तारीख. चांद दिसतो तो साधारण द्वितीयेला, म्हणून नानी आपल्या तारखेत एक मिळवायची आणि मग पाऊणपट करायची. चांदाची सातवी म्हणजे अष्टमी, भरती सहाला. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण शिंपल्या वेचायला जायचं की नाही ते ठरवायला तेवढं पुरतं.

या हिशेबातूनच मला फार उशिरा एक गोष्ट उमगली. रमजान ईदच्या संध्याकाळी पुळण नेहमी रुंद का असते? ईद म्हणजे पहिली तारीख, द्वितीयेच्या आसपास, भरती दुपारी दीडच्या सुमाराला. शीरखुर्मा खाऊन, पाहुणे निस्तरून सगळं गाव नव्या कपड्यांत किनाऱ्यावर येईपर्यंत पाणी मागे हटलेलं असतं. बकरीदला उलटं. दहावी तारीख, भरती रात्री सव्वाआठला. संध्याकाळी वाळू कमी कमी होत जाते आणि नानी ओरडून आम्हाला वर बोलवायची. “दर्याला तुमची ईद ठाऊक नाय,” म्हणायची. मला वाटतं, दर्याला चांगलीच ठाऊक होती.

हा हिशेब शहरातून एका दिवसासाठी येणाऱ्यांकडे नसतो, आणि तो त्यांचा दोष नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेली १४ कॉलेजची मुलंमुली इथेच बुडाली. त्या दिवसाबद्दल मामू अजून बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, “आमच्या पोरांएवढी होती.”

पुळणीच्या मागच्या वाड्यांत आता आभाळ जास्त दिसतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि काही तासांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. मामूंची वाडी पडली, तशी शेजारच्या वाण्यांची, भंडाऱ्यांचीही. टाळेबंदीचे दिवस, वीज नाही, मुंबईहून कुणाला येता येत नव्हतं. कौलं आणि ताडपत्री गावातल्या गावात वाटून घेतली. नवी रोपं लावताना मामू सत्तरीत होते. “या झाडांची सुपारी मी खाणार नाय बहुतेक,” म्हणाले आणि खड्डा खणत राहिले.

वाळूवर बसून लेकीला लाय पाटलाची गोष्ट सांगितली. मग दौलतखानाची, मग चिटणीसांच्या वडिलांचीही. महाराजांच्या आरमारात आपले होते, किल्ल्यातही होते, आणि दोन्हीकडच्या लढाईत ज्यांची होडकी जळाली तेही आपलेच. त्या जयघोषात तू ओरडलीस ते बरोबरच होतं, एवढं मात्र ठासून सांगितलं. ती ऐकत होती, पण मला वाटतं ‘पालखी’ नावाच्या गलबतावरच तिचं मन अडकलं होतं.

“त्या बाई मग अशा का बघत होत्या?” तिने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हणालो, “त्यांनाही कुणी लाय पाटलाची गोष्ट सांगितली नसेल.” तिला पटलं की नाही कळलं नाही.

पश्चिमेला चांदाची बारीक कोर होती. चौथी लागली होती. तिला नानीचा हिशेब शिकवला. वाळूवर बोटाने तिने मांडला: चारात एक मिळवून पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. उद्या दुपारी पावणेचारला भरती. मग माझा फोन घेऊन तिने तपासलं. त्यात वीस मिनिटांचा फरक होता.

“फोन चुकलाय,” ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन पाण्याकडे पळाली.