वडिलांचें घड्याळ

वडिलांच्या मागें आमच्या वांट्यास ज्या वस्तु आल्या, त्यांत सात खड्यांचें एक स्विस खिशांतलें घड्याळ होतें. रोज सकाळीं स्नान झाल्यावर त्यास चावी द्यावयाची, हा त्यांचा नेम आम्हीं अकरा वर्षें न चुकतां चालविला. पितृभक्तीचा इतका स्वस्त पुरावा दुसरा कोणता मिळणार? आल्यागेल्याच्या कानाशीं धरून आम्ही त्याची टिकटिक ऐकवीतही असूं.

गेल्या वर्षीं तें रात्रीं मधेंच थांबूं लागलें. हलविलें कीं पुन्हां चाले. शेवटीं एका वृद्ध घड्याळजींकडे नेलें. त्यांनीं डोळ्यास भिंग लावून मधलें चाक चिमट्यानें हळूच ढकललें, आणि म्हणाले, "बघा, भोंक गोल राहिलें नाहीं." आम्हीं पाहिलें. पितळी पत्र्यांतील तें भोंक अंड्यासारखें एका अंगास लांबलें होतें.

सात खडे म्हणजे काय, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. चार खडे डोलणाऱ्या चाकाच्या आंसाला, एक त्याच्याच पोटाशीं, आणि दोन नांगराच्या आकाराच्या तुकड्याच्या टोंकांना. संपले सात! बाकीचीं चाकें आपलीं पितळेवरच फिरतात. डोलणारें चाक तासाला १८,००० ठोके देतें, तेव्हां माणकाचा पहिला मान त्याचा, हें योग्यच. माणकाला भोंक पाडून आंस बसविण्याच्या युक्तीचें पेटंट लंडनमध्यें १७०४ सालीं घेतलें गेलें. आणि १९०२ सालीं व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें कृत्रिम माणिक जाहीर केल्यापासून हे खडे इतके स्वस्त झाले आहेत, कीं कोणीं त्यांचा भाव सराफास विचारूं नये.

मधलें चाक तासाला एकच फेरा करतें. पण कमानीचा सारा जोर प्रथम त्याच्याच अंगावर येतो, आणि तोही नेहमीं एकाच बाजूस. तेल असेतों निभतें. तें वाळलें, कीं धूळ मऊ पितळेंत रुतून बसते, आणि ती पितळच पोलादी आंसाला कानशीसारखी घांसूं लागते. आंसावर चरे पडतात, चाक कलतें, दांते नीट भिडेनासे होतात. मग कमानीचा जोर वाटेंतच खर्ची पडतो.

"तेल केव्हां दिलें होतें?" त्यांनीं विचारलें. आम्ही गप्प. त्यांनीं मागचें झांकण उलटें करून दाखविलें. आंतल्या बाजूस जुन्या कारागिरांनीं सुईनें कोरलेल्या बारीक तारखा होत्या, दर दोन वर्षांनीं एक. शेवटची वडील जाण्याच्या आदल्या वर्षाची. तिच्याखालीं कोरी चांदी.

अकरा वर्षांत त्या चाकाचे सुमारें ९६,००० फेरे होतात. आम्हीं मनांतल्या मनांत हिशेब केला. "नुसतें कपाटांत ठेवलें असतें, तर झिजलें नसतें," घड्याळजी म्हणाले, रागानें नव्हे.

भोंकाभोंवतीं ठोकून तें आवळण्याची एक बाजारी रीत आहे. पत्रा कायमचा विद्रूप होतो, व झीज थोड्याच दिवसांत परत येते. दुसरी रीत भोंक मोठें करून त्यांत नवा बुश बसविण्याची, व आंस घांसून गुळगुळीत करण्याची. म्हणजे वडिलांच्या वेळची पितळ तेवढी कोरून निघणार. आम्हीं क्षणभर घुटमळलों, आणि बुश बसवावयास सांगितलें.

पंधरा दिवसांनीं घड्याळ घरीं आलें. आतां चावी फक्त रविवारीं देतों. आणि पाहुण्यांस टिकटिक ऐकवीत नाहीं. झांकणाची आंतली बाजू दाखवितों.