शीड उतरवून ठेवलेले वर्ष

टाळेबंदीच्या दिवसांत अनेक खेळाडूंनी घराचेच मैदान केले होते. कुणी गच्चीवर धावत होते, कुणी पाण्याने भरलेल्या बादल्या उचलून दंड कमावत होते, कुणी भिंतीवर चेंडू मारून हात चालता ठेवत होते. पण ज्यांचा खेळच वाऱ्याशी आणि लाटांशी चालतो, त्यांनी काय करायचे? शिडाची होडी काही दिवाणखान्यात हाकता येत नाही! चेन्नईच्या तीन तरुणांवर २०२० साली नेमकी हीच वेळ आली होती.

चेन्नईला या खेळाची जुनी परंपरा आहे. तिथल्या बंदरातला रॉयल मद्रास यॉट क्लब १९११ सालचा. तमिळनाडू सेलिंग असोसिएशन मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरवते. नेत्रा कुमानन ही मुलगी अशाच एका शिबिरातून या खेळात आली. भरतनाट्यम शिकणारी, निरनिराळे खेळ खेळून पाहणारी ही मुलगी पाण्यावर गेली आणि तिथलीच झाली. के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर हे दोघेही याच शहरातले. दोघे मिळून एकच होडी चालवतात, सुकाणू गणपतीच्या हाती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत या जोडीने कांस्यपदक मिळवले होते.

नेत्राची होडी लेझर रेडियल या प्रकारातली. लांबी जेमतेम सव्वाचार मीटर, शीड पावणेसहा चौरस मीटरांच्या आसपास आणि चालवणारी एकटी. एका हातात शिडाचा दोर, दुसऱ्या हातात सुकाणू आणि होडी कलू नये म्हणून अंग पाण्यावर बाहेर झोकून दिलेले. पोटऱ्या, मांड्या, पाठ सगळ्यांची परीक्षा. त्यात वारा कुठून फिरणार याचा अंदाज क्षणाक्षणाला घ्यायचा. हा अंदाज पुस्तकात सापडत नाही. निरनिराळ्या समुद्रांवर, आपल्यापेक्षा सरस खेळाडूंच्या शेजारून होडी नेली तरच तो येतो. म्हणून या खेळात देशोदेशी फिरणे ही चैन नसते. शीड आणि सुकाणू जितके गरजेचे, तितकाच पासपोर्टही.

२०२० ची सुरुवात मोठी आनंदाची झाली. जानेवारीत अमेरिकेतील मायामी येथे विश्वचषक मालिकेत नेत्राने कांस्यपदक जिंकले. त्या मालिकेत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढची पायरी होती मार्चमध्ये अबुधाबी येथे होणारी आशियाई पात्रता स्पर्धा. तिथे जागा मिळाली की थेट टोकियो ऑलिंपिक!

पण करोनाने सगळे मोहरे उलटवून टाकले. अबुधाबीची स्पर्धा रद्द झाली. परदेशातून येणारी विमाने थांबली. २४ मार्चला टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलल्याची बातमी आली आणि त्याच रात्री पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. एकाच दिवसात पुढचे ध्येयही लांबले आणि घराचे दारही बंद झाले.

चेन्नईकरांना समुद्र म्हणजे घरचे अंगणच. पण त्या वर्षी मरीना किनाराही लोकांसाठी बंद झाला, तो १४ डिसेंबरला उघडला. समुद्र समोर, वारा वाहतो आहे आणि जायचे मात्र नाही! महाराष्ट्रातल्या वाचकांना ही तगमग समजावून सांगायला नको. त्याच वर्षी आषाढीची पायी वारी थांबली आणि संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. कुणाच्या घरचे लग्न राहिले, कुणाची परीक्षा, कुणाची आयुष्यभर ठरवलेली काशीयात्रा. खेळाडूचे दुःख वेगळे एवढ्यासाठीच, की त्याची वर्षे मोजकी असतात. साठीत काशीला जाता येते, ऑलिंपिकला नाही.

वर्षभराने दार किलकिले झाले. एप्रिल २०२१ मध्ये ओमानमधील मुसन्ना येथे पात्रता स्पर्धा भरली. ७ एप्रिलला, एक शर्यत बाकी असतानाच, नेत्राची जागा पक्की झाली. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती भारताची पहिली महिला सेलिंगपटू. दुसऱ्या दिवशी गणपती आणि वरुणने आपली जागा मिळवली आणि सेनादलाच्या विष्णू सरवणननेही. सेलिंगच्या तीन प्रकारांत भारताचे चार खेळाडू, असे पूर्वी कधी घडले नव्हते.

या आनंदाला एक हळवी किनारही आहे. नेत्राच्या पाठोपाठ गुणांत होती ती रम्या सरवणन, विष्णूची बहीण. एका प्रकारात एका देशाला एकच जागा! त्यामुळे त्याच स्पर्धेत भाऊ टोकियोला निघाला आणि बहीण मागे राहिली. त्या घरात त्या संध्याकाळी पेढे कसे वाटले गेले असतील, हे प्रत्येक आईला कळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भारतात दुसरी लाट उसळली आणि २४ एप्रिलपासून ओमानने भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. स्पर्धा संपून उणेपुरे सोळा दिवस झाले होते. तीच स्पर्धा तीन आठवडे उशिरा असती तर? वर्षभराची मेहनत तीच, हात तेच, होडी तीच, पण दार बंद. कर्तृत्वाला नशिबाची साथ लागते ती अशी.

टोकियोजवळच्या एनोशिमा बंदरात प्रेक्षक नव्हते, पदकही मिळाले नाही. नेत्रा ४४ जणींत ३५ वी आली, गणपती-वरुण १९ जोड्यांत सतरावे, विष्णू ३५ जणांत विसावा. आकडे पाहून कुणी नाक मुरडेलही. पण नेत्राने पुन्हा शीड चढवले. २०२४ मध्ये ती दुसऱ्या ऑलिंपिकला गेली आणि फ्रान्समधील मार्सेच्या समुद्रावर एकविसावी आली. पस्तिसाव्यावरून एकविसावी! मध्ये तीन वर्षे होती आणि त्या तीन वर्षांत समुद्र मोकळा होता.