दोन साक्षी

पाठचिकित्सा शिकविताना आम्ही दोघेही गेली अनेक वर्षे वर्गात एक वाक्य सांगत आलो आहोत : दोन प्रतींत पाठभेद आढळला, तर तो निष्कर्ष नसतो, तो प्रश्न असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे सांगताना हे वाक्य ओघानेच येते. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेत परत करतात. आम्ही स्वतः ते किती मानतो, याची परीक्षा मात्र कुंभार्ली घाटात झाली.

चिपळूणचे चर्चासत्र आटोपून आम्ही कऱ्हाडकडे निघालो होतो. श्रावणातला पाऊस होता. मागच्या आसनावर आई होती. ऐन चढावर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने आमचे ऐकणे सोडले. पेडल तळाला टेकले तरी ती बैलगाडीच्या चालीने सरकत राहिली. मागे भरलेला ट्रक हॉर्न वाजवीत होता, बाजूला धुक्याने भरलेली दरी. आई काही बोलत नव्हती. तिच्या हातातली जपमाळ तेवढी थांबली होती. त्या क्षणी आम्हांला गाडीचा आला तेवढा राग पुन्हा कधी आला नसेल.

कऱ्हाडात पहिल्या गॅरेजमध्ये यंत्र जोडले गेले. कोड निघाला पी २१३८. निदान तत्काळ झाले : पेडलचा सेन्सर गेला, सबंध पेडल बदला. आम्ही लगेच मान डोलावली. छापील अक्षरावर विश्वास ठेवण्याची आमची सवय पडद्यावरच्या अक्षरापुढेही तशीच वाकली. सुदैवाने तो भाग शिल्लक नव्हता, म्हणून आम्ही दुसऱ्या, वयस्क मिस्त्रींकडे गेलो.

ते म्हणाले, ‘‘सर, कोड एवढंच सांगतो की दोघांचं भांडण आहे. खोटं कोण बोलतंय, ते नाही सांगत.’’

मग त्यांनी समजावले. आजच्या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत तार जात नाही. पाय किती दाबला, ते सेन्सर विजेच्या दाबातून कळवितो. असे सेन्सर एकाच पेडलमध्ये मुद्दाम दोन बसविलेले असतात. आमच्या गाडीत पहिला सुमारे पाऊण व्होल्टपासून चढत जातो आणि दुसरा प्रत्येक क्षणी त्याच्या निम्मा असावा लागतो. गाडीचा संगणक दोघांची साक्ष सतत ताडून पाहतो. मेळ बसला नाही, तर तो शक्ती आवरून धरतो.

इंजिन बंद ठेवून त्यांनी केवळ चावी फिरवली, मीटर लावला आणि पेडल अगदी सावकाश दाबले. दोन्ही आकडे शिस्तीत चढले, शिस्तीत उतरले. कुठे खंड नाही, उडी नाही. आम्हांला वाटले, दोष गेलाच. त्यांनी मात्र तारांचा जुडगा हलविला, आणि दुसरा आकडा शून्यावर कोसळला. त्या सेन्सरला मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठाच मध्ये तुटत होता. कनेक्टर उघडला, तर एका पिनेवर हिरवट गंज. काचेखालची पाण्याची वाट पानांनी तुंबली होती, आणि पावसाचे पाणी तारेवरून ओघळत तिथवर येत होते. पेडल निर्दोष होते. पाठ भ्रष्ट नव्हता, पानावर पाणी सांडले होते.

पिन साफ झाली, वाट मोकळी झाली. नवे पेडल बसवले असते, तर पुढच्या पावसात तेही खोटे ठरले असते, आणि आम्ही पुन्हा पेडललाच दोष दिला असता.

परतीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. घाटात गाडीने आमचा विश्वासघात केला, असे आम्ही समजत होतो. वास्तविक दोन साक्षी जुळेनात, तेव्हा मिळेल त्या एकीवर भिस्त ठेवून तिने धाव घेतली नाही. त्या वळणावर चुकीची साक्ष खरी मानली जाण्यापेक्षा ते रेंगाळणेच बरे होते. पाठभेद दिसताच सोयीचा पाठ उचलून पुढे निघणारे आम्ही. आमच्यापेक्षा ती अधिक सावध वाचक निघाली.

आईला हे सारे सांगितले. ती म्हणाली, ‘‘म्हणजे तिला शंका आली, म्हणून ती हळू चालली. शहाणी आहे की रे!’’

माळ पुन्हा फिरू लागली होती.