चिखली ते रत्नागिरी : एक दिवस जास्तीचा

बुलढाणा जिल्ह्याच्या माणसाला समुद्र लांबच. आमच्या चिखलीला तर रेल्वेही नाही. त्यामुळे फेब्रुवारीत रत्नागिरीला उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांचे दोन दिवसांचे अधिवेशन ठरले, तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न निघाला तो "जायचं कसं?" हाच. पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून आधी तेच सांगते.

चिखलीहून एसटीने बुलढाणा, तिथून राजूरचा घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर. मलकापूरला रात्री मुंबईकडे जाणारी गाडी मिळते. थेट मुंबईपर्यंत जायची गरज नाही. पहाटे ठाण्याला उतरायचे, फलाटावरच फज्र अदा करून चहा घ्यायचा आणि सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडायची. दुपारी रत्नागिरी. दोन्ही तिकिटे एकाच दिवशी, जितकी लवकर जमतील तितकी काढावीत. मे महिन्यात आणि गणपतीत जागा मिळणे कठीण. आम्ही दोघी शिक्षिका होतो आणि सोबत आमच्या मुलांचे अब्बा.

रोह्यापुढे कोकण रेल्वे सुरू होते. हा मार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. कापूस आणि सोयाबीनची सपाट शेते पाहणाऱ्या डोळ्यांना डोंगर, बोगदा, खाडी, पुन्हा बोगदा हा खेळ पुरून उरतो. रत्नागिरीचे स्टेशन गावापासून दूर आहे, रिक्षा करावी लागते.

अधिवेशनात भाषणे झाली, सत्कार झाले. माझ्या मनात राहिली ती दुसऱ्या दिवशीची एक चर्चा. विषय होता, मुलाची घरची भाषा. आमच्याकडे उर्दू शाळेतले मूल घरीही उर्दूच बोलते, असे आपण धरून चालतो. रत्नागिरीच्या एक शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, "आमची मुलं उर्दू शाळेत शिकतात, पण रडतात कोकणीत." सभागृह हसले. त्या हसल्या नाहीत. पहिलीच्या मुलाला उर्दू नवी भाषा म्हणूनच शिकवावी लागते, मराठी त्याला जवळची वाटते, हे त्यांनी उदाहरणांनी समजावून सांगितले.

त्यांनीच आम्हाला एक दिवस राहण्याचा आग्रह केला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर मिरकरवाडा बंदरावर गेलो. बोटी लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालू होता. बांगडा आणि सुरमई मी तिथे पहिल्यांदा बर्फाशिवाय पाहिली. बोटीवरचे खलाशी एकमेकांना सलाम करत होते आणि पुढच्याच वाक्यात कोकणीत भांडत होते.

दुपारी आपांच्या घरी जेवण. तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणातले माशाचे कालवण, शेवटी सांदणे. त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना उर्दू कळते, पण बोलणे सगळे कोकणीत. लग्नातली हळदीची गाणीही त्याच भाषेत. कोकणी मुस्लिमांची आडनावेच पाहा ना : परकार, मुकादम, खोत, चौगुले, नाईक. शेजारच्या दोन घरांना कुलूप होते. माणसे आखातात. या किनाऱ्यावरून लोक पूर्वीपासून बाहेर जात आले, जहाजांवर गेले, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले. "फोन येतो तो कोकणीतच," दादी म्हणाल्या.

हे मला इतके का लागले, ते सांगते. चिखलीत कुठल्याही कार्यालयात मी दोन वाक्ये बोलले की कुणीतरी म्हणतेच, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण पाहुण्याला म्हणावे तसे ते असते. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस देताना माझ्या आठवीतल्या मुलीलाही तेच ऐकवले गेले. घरी येऊन तिने विचारले, "अम्मी, मग माझी भाषा कोणती?" मी तिला जवळ घेतले, उत्तर मात्र दिले नाही.

दादींचे उत्तर तिला जसेच्या तसे देता येत नाही. आमच्या घरात उर्दू आहे, नानीची आहे, आणि ती आम्हाला प्यारी आहे. बाकीचे उत्तर मला संध्याकाळी थिबा राजवाड्यात सुचले. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा १९१० चा. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. याच इंग्रजांनी १८५८ मध्ये आपल्या बहादुरशाह जफरला दिल्लीहून रंगूनला धाडले होते. तिकडचा बादशाह इकडे, इकडचा तिकडे. पण राजाची नात टुटू रत्नागिरीतच राहिली, इथल्या साध्या माणसांत संसार केला आणि मराठी बोलली. तिचे मराठी छान होते की नाही, हे विचारण्याचे काही कारणच नव्हते. ती त्या भाषेत जगत होती.

आम्हीही तसेच जगतो. बाजार, शाळा, दवाखाना, शेजारणीशी चालणारे बोलणे, सगळे मराठीत, तेही वऱ्हाडी वळणाचे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण आमच्या मुलांना ती कायद्याच्या आधीपासून येते. परतल्यावर मुलीला सांगितले, "दोन्ही तुझ्या. एक नानीकडून मिळाली, एक गावाकडून." तिने विचारले, "आणि कुणी छान म्हटलं तर?" म्हटले, "शुक्रिया म्हण, आणि त्यांचंही छान आहे म्हणून सांग." ती खूप हसली.

वर्गातही एक गोष्ट सुरू केली आहे. नव्या मुलाला नाव विचारल्यावर दुसरा प्रश्न, "तुझी नानी घरात काय बोलते?" उर्दू म्हणून सांगणाऱ्या मुलांच्या वाक्यांत इतके वऱ्हाडी शब्द निघतात की फळा भरतो. तुम्हीही आपल्या घरात एकदा मोजून पाहा. आणि अधिवेशनाला रत्नागिरीला गेलात, तर परतीचे तिकीट एक दिवस उशिराचे काढा.